दर्भाचा उत्पल

बोहाग बिहूच्या, आसामी नववर्षाच्या, तोंडावर आमचं फिरतं थिएटर बंद होतं. तंबू उतरतो, शेजारी-शेजारी मांडलेल्या दोन्ही स्टेजच्या फळ्या ट्रकमधून पाठशाला गावातल्या कॅम्पात येऊन पडतात, आणि आठ महिने एकमेकांची तोंडं बघून विटलेली माणसं आपापल्या घरी पळतात. स्वयंपाकी पळतो, जनरेटरवाला पळतो, नाचणाऱ्या पोरी तर आदल्या दिवसापासून पिशव्या भरून बसलेल्या असतात. एक लोहित मेधी तेवढा जात नाही. त्याचं गाव बेतबारी. सायकलवर टांग मारली तर माणूस दुपारच्या जेवणाला परत येईल, इतकं जवळ. तरी तो कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत चूल मांडून राहतो, उरलेला भात कुत्र्यांना घालतो, आणि नव्या नाटकाची तालीम सुरू व्हायची वाट बघतो.

नवीन पोरं मला बाइदेउ, म्हणजे ताई म्हणतात. ती विचारतात, "कुंज बाइदेउ, लोहितदा घरी का जात नाहीत? बायकोशी भांडण आहे का?"

मी म्हणते, "तू तुझे संवाद पाठ कर." भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटतं.

मी कुंजलता. या थिएटरात आईची कामं करते. सव्विसाव्या वर्षी केसांना पहिल्यांदा पावडर फासून म्हातारी झाले, त्यानंतर कुठल्याच मालकाने मला तरुण होऊ दिलं नाही. लोहित मेधीची बायको म्हणून मी स्टेजवर जितकी रडले तितकी माझ्या सख्ख्या नवऱ्यासाठीही रडले नाही. तो होताही तसाच, ते सोडा. सांगायचं एवढंच, की लोहितदाची गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. ती घडली तेव्हा मी शेजारच्या स्टेजवर मांडी घालून बसले होते.

लोहितदा मुळात मास्तर. बेतबारीच्या लोकांनी बांबू उभे करून, वर गवत टाकून स्वतःची शाळा काढली होती. आमच्याकडे अशा शाळा गावोगावी होत्या. सरकार आज ना उद्या शाळा आपल्याकडे घेईल आणि मास्तरांना पगार सुरू होईल, या आशेवर चार-पाच शिकलेली पोरं फुकट शिकवत राहायची. लोहितदा त्यातला एक. घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या मागावर. हिरणबाला तिचं नाव, मी तिला बौ, म्हणजे वहिनी म्हणायची. ती दिवसभर मागावर बसून गळ्यात घालायचे गामोसे नि बायकांच्या मेखला-चादरी विणायची, आणि हा फळ्यावर भूगोल काढायचा.

शाळेवर पत्रे घालायला पैसे हवेत म्हणून गावच्या कमिटीने आमचं थिएटर तीन दिवसांसाठी बोलावलं. आमच्याकडे शाळा, कॉलेज, कीर्तनाचं नामघर, सगळं असंच उभं राहतं. तीन दिवस लोक रडतात, आणि त्यांच्या रडण्यातून पत्रे येतात. शेवटच्या दिवशी आभार मानायला कमिटीने मेधी मास्तरांना माइकसमोर उभं केलं. आभार कोण ऐकतो? लोक चटया गुंडाळून निघाले होते. मास्तर बोलायला लागले आणि निघालेली माणसं जागीच थांबली. आमचा मालक गिरीन ठाकुरीया तेव्हा पडद्यामागे चहा पीत होता. कप हातात घेऊन तो बाहेर आला. "मास्तर, हा आवाज भूगोलात काय कुजवताय?"

बौ नको म्हणाली. शाळा आज ना उद्या सरकारी होईल, थोडं थांबा, म्हणाली. उत्पल, त्यांचा एकुलता एक, तेव्हा पाटीवर मुळाक्षरं गिरवत होता. मास्तर थांबले नाहीत. ते थिएटरात आले, दोन वर्षांत नायक झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी ती शाळा खरंच सरकारने घेतली. त्यांच्याबरोबर फुकट शिकवणारा प्रबीण हेडमास्तर झाला. त्याचं पक्कं घर झालं, पेन्शन ठरली.

या गोष्टीवर लोहितदा स्वतःच विनोद करायचा. प्रवासात कपड्यांच्या ट्रंकेवर बसून म्हणायचा, "कुंज, मी राजा झालो, डाकू झालो, बोट बुडवून कप्तान झालो. प्रबीण फक्त हेडमास्तर झाला. बिचारा."

"मग रडतोस का?"

"मी कुठे रडतोय? डोळ्यांत कालचा मेकअप आहे." मग जरा वेळाने, "खरं सांगू? शाळेत चाळीस पोरं असायची आणि त्यातलं एक खिडकीबाहेर बघायचं. मला ते एकच दिसायचं. इथे हजारो माणसं असतात आणि एकही बाहेर बघत नाही. एकदा याची चटक लागली ना, की माणूस घरचा राहत नाही. मी पैशासाठी आलो असं सगळे समजतात. समजू देत. ते कारण ऐकायला बरं वाटतं."

त्याच्या तोंडून खरं निघायचं ते असं, ट्रंकेवर बसलेला असताना. स्टेजवर तर त्याला सगळं लिहून दिलेलं असायचं.

श्रावणात तालमी, भाद्रपदापासून गावं, ती थेट चैत्र संपेपर्यंत. बाप घरी असायचा तो पावसाळ्यात, पूर आलेला असायचा तेव्हा. उत्पल एवढ्यावरच मोठा झाला. बापाला तो भिंतीवरच्या पोस्टरवर जास्त ओळखायचा. कॉलेजात गेला, आणि ती वर्षं वाईट होती. गावोगावची हुशार पोरं उठून जंगलात जात होती, हातात बंदुका घेत होती. कोण कशासाठी गेलं, कोण कोणाच्या सांगण्यावरून गेलं, ते मला विचारू नका. मी त्या पोरांच्या आया पाहिल्या आहेत, मला तेवढं पुरतं.

उत्पल बापाला शेवटचा भेटला तो आमच्याच मेकअपच्या तंबूत. आम्ही वरच्या आसामात होतो, शिवसागरच्या बाजूला. दिवेलागणीला पोरगं आलं, अंगावर धूळ, पायांत रबरी बूट. लोहितदाला अर्धी मिशी लावून झाली होती.

"देउता, थोडं बोलायचं होतं."

"अरे, कसा आलास? जेवलास का? बस, पुढच्या खुर्चीत बसवतो तुला. खेळ झाला की निवांत बोलू."

"आत्ताच बोलायचं होतं."

"आत्ता? अर्धी मिशी लावून?" लोहितदा हसला. मीही हसले. पोरगंही जरासं हसलं. मध्यंतरापर्यंत ते पुढच्या रांगेत बसलेलं मी बघितलं. मध्यंतरानंतर ती खुर्ची रिकामी होती.

पुढे बातम्या आल्या त्या उलटसुलट. कुणी म्हणे भूतानच्या जंगलात पाहिला, कुणी म्हणे नदीच्या वाळवंटात गोळी लागली. लष्कराचे आणि जंगलातले, दोन्ही बाजूंचे लोक बेतबारीच्या घरी येऊन गेले, आणि दोघांनीही बौला एकच विचारलं, पोरगं कुठे आहे. बौने दोघांनाही तामूल-पान, म्हणजे सुपारी नि पान पुढे केलं आणि सांगितलं, "तुम्हाला दिसला तर घरी पाठवा."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी उत्पलचं ताट वाढायची. वर झाकण घालायची आणि मांजराने सरकवू नये म्हणून झाकणावर नदीतला एक गोल दगड ठेवायची. सकाळी ते ताट गाईला. बिहूला मागावरून दोन गामोसे उतरवायची, एक नवऱ्याला, एक उत्पलला. नवऱ्याचा त्याच्या गळ्यात घालायची आणि उत्पलचा पेटीत ठेवायची. पेटी भरत आली होती.

माणूस बारा वर्षं सापडला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक धरून त्याला मोकळा करायचा, ही आमच्याकडची रीत. बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंद आले, पुरोहित शर्मा आले. बौने त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. "ज्याचा आत्मा अडकलाय त्याने मोकळं व्हावं. माझं पोर फक्त वाट चुकलंय." लोहितदा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलला नाही, हाच माझा त्याच्यावर राग.

आणि त्याच वर्षी ठाकुरीयाला नाटक सुचलं.

आमच्या धंद्यात दर वर्षी नवी नाटकं लागतात. काल पेपरात आलेलं उद्या स्टेजवर यायला हवं. आषाढात सगळे जमलो तेव्हा ठाकुरीया म्हणाला, "या वर्षी लोकांना रडायचंय. जंगलात गेलेला मुलगा, वाट बघणारी आई, आणि शेवटी बाप दर्भाच्या पुतळ्याला अग्नी देतो." एवढं बोलून तो छताकडे बघत बसला. लोहितदाचं नाव त्याने घेतलंही नाही. चतुर माणूस. फक्त म्हणाला, "बापाच्या कामाला गुवाहाटीहून कोणीतरी सिनेमातला आणावा म्हणतो."

 तिसऱ्या दिवशी लोहितदाने बापाच्या कामासाठी सही केली. मी त्याला फैलावर घेतलं. "लाज वाटत नाही? स्वतःच्या पोराच्या चितेचं तिकीट लावणार?"

तो म्हणाला, "दुसरा कोणी उत्पलचा बाप झाला असता कुंज, तर मला ते बघवलं नसतं."

 मला आईचं काम मिळालं, आणि मीही ते घेतलं.

लेखक बेतबारीला जाऊन आला. बौने त्याला तांदळाचा पिठा खाऊ घातला. तो तिचं झाकलेलं ताट बघून आला, झाकणावरचा दगड बघून आला, आणि दोन्ही नाटकात घातलं. मुलाचं नाव तेवढं बदलून रंजन केलं. शेवटचा प्रवेश दोन्ही स्टेजवर एकदम चालायचा. डाव्या स्टेजवर मी ताटावर झाकण ठेवून, दगड ठेवून बसलेली, "येईल, माझा रंजन येईल" म्हणणारी. उजव्या स्टेजवर नदीकाठ, दर्भाचा पुतळा आणि हातात मशाल घेतलेला लोहितदा. उजेड कधी इकडे, कधी तिकडे. मशाल पुतळ्याला लागली की माझ्याकडचा उजेड विझायचा. बायका गॅलरीत छाती बडवायच्या. थिएटर गावोगाव गाजलं.

बौला कळायला किती वेळ लागणार? पाठशालेच्या भिंती पोस्टरांनी भरलेल्या. दुर्गापूजेच्या सुट्टीला लोहितदा घरी गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमचं पोट त्यावर आहे, करा. रंजन म्हणून कोणालाही जाळा. पण बेतबारीत नाही. इथे त्याचं ताट वाढलेलं असतं."

बेतबारीने त्या माघात आमचे तीन दिवस घेतले होते, हायस्कुलाच्या नव्या इमारतीसाठी. आणि कुठल्या दिवशी कुठलं नाटक हे कमिटी ठरवते, मालक नाही. कमिटीचा अध्यक्ष कोण, तर प्रबीण हेडमास्तर. लोहितदा त्याच्या पक्क्या घरी गेला. सोबत मी होते.

"प्रबीण, दुसरी तीन कुठलीही लाव. ते एक नको."

"अरे, लोकांनी त्यासाठीच तर तिकिटं घेतलीत," प्रबीण म्हणाला. वाईट माणूस नाही तो. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "उत्पल माझ्याही वर्गात होता, लोहित. साऱ्या गावाला त्याच्यासाठी एकदा रडायचंय. वहिनींनी कोणाला रडूच दिलं नाही. तेवढं तरी करू दे आम्हाला."

परत येताना लोहितदाने वाट काढली. ठाकुरीयाला गाठून म्हणाला, "बेतबारीत शेवट बदलतो. मी मशाल पुतळ्याला लावत नाही. खाली ठेवतो. म्हणतो, माझा मुलगा येणार आहे. मग दिवे घालवा."

ठाकुरीया कुरकुरला. "लोक शेवटाचे पैसे देतात." पण शेवटी म्हणाला, "बरं, एक दिवस तुझा."

ते नाटक तिसऱ्या दिवशी लागलं. त्या दुपारी आम्ही दोघं बौकडे गेलो. लोहितदा तिच्या मागाजवळ जमिनीवर बसला. "हिरण, तू ये बघायला. मी त्याला जाळणार नाही. सगळ्या गावासमोर सांगणार आहे, तो येणार आहे म्हणून."

बौने धोटा थांबवला. नवऱ्याने तिच्या बाजूने काही बोलावं, याची ती किती वर्षं वाट बघत होती ते तिच्या तोंडावर दिसलं. "खरंच म्हणाल? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

ती आली. कमिटीने तिला पहिल्या रांगेत बसवलं, खेळाआधी वर बोलावून तिच्या गळ्यात गामोसा घातला. तिने स्वतःच्या हाताने विणलेली रेशमी चादर अंगावर घेतली होती. खाली बसल्यावर तिने मला पडद्याच्या फटीतून बघितलं आणि हसली. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती.

शेवटचा प्रवेश आला. मी ताट झाकलं, दगड ठेवला, माझं वाक्य म्हटलं. उजेड तिकडे गेला. लोहितदा मशाल घेऊन पुतळ्याजवळ आला, थांबला, आणि दुपारी ठरल्याप्रमाणे मशाल खाली ठेवली. मी सुटकेचा श्वास घेतला.

मग तो बोलायला लागणार, तेवढ्यात गॅलरीत चुळबूळ झाली. लोकांना वाटलं, मशाल पडली की काय. कोणीतरी मागून ओरडलं, "मेधी मास्तर, विसरलात का?" आणि दोन-चार जण हसले. फार नाही. दोन-चारच.

मी अंधारातून त्याचा चेहरा बघितला. हजारो माणसं समोर होती आणि त्यातली काही खिडकीबाहेर बघत होती. त्याने वाकून मशाल उचलली. आवाज असा लावला की त्या मैदानात मी तसा परत ऐकला नाही. कुळ घेतलं, गोत्र घेतलं, आणि म्हणाला, "उत्पल, बाळा, तुझा बाप तुला अग्नी देतोय."

रंजन नाही, उत्पल म्हणाला.

दर्भ सुके होते. क्षणात पेटले. मैदानातून जो हुंदका आला तो नाटकाला येतो तसला नव्हता. साऱ्या गावाने बारा वर्षांचं एकदम रडून घेतलं. ज्वाळांच्या उजेडात मी पहिल्या रांगेकडे बघितलं. बौ उठून उभी होती. गळ्यातला गामोसा तिने खुर्चीवर ठेवला, नीट घडी घालून, आणि माणसांमधून वाट काढत निघून गेली. लोक तिला वाट देत होते, बायका तिच्या पायांना हात लावत होत्या.

मी नंतर त्याच्या तंबूत शिरले ते चप्पल हातात घेऊनच. खरंच मारणार होते. तो आरशासमोर बसला होता. म्हणाला, "ते हसले कुंज. मला ते सहन झालं नाही. मशाल मी उचलली, ते कबूल. नाव मात्र मी घेतलं नाही. ते आपोआप आलं." मी चप्पल पायात घातली.

आमची माणसं भोळी की शहाणी, मला अजून ठरवता येत नाही. सकाळी मी बेतबारीच्या घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. सुतकाच्या घरी नेतात तशी केळी, भिजवलेले मूग, नारळ घेऊन सारा गाव आला होता. बायका जमिनीवर बसून मुसमुसत होत्या. लोहितदा ओसरीच्या खांबाला टेकून उभा. पुरोहित शर्मा वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून समजावत होते, "पित्याने गोत्र घेतलं, नाव घेतलं, दर्भाला अग्नी दिला. नाटकात दिला की घाटावर दिला, अग्नीला कुठे कळतं? संस्कार झाला, लोहित. आता डोकं भादर, पांढरं नेस, सुतक धर. पोरगं सुटलं, चांगलंच झालं."

आणि स्वयंपाकघराच्या दारात बौ विळीवर मासा चिरत बसली होती. चांगला हातभर रोहू. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, मासा तर उंबऱ्याच्या आतही येत नाही. तिने सगळ्यांच्या देखत खवले काढले, मोहरीच्या तेलात तुकडे सोडले. अंगणभर वास सुटला. बायकांनी नाकाला पदर लावले.

"अगं काकी, काय करतेस हे?" एक शेजारीण म्हणाली. "पोराचं सुतक आहे."

"कोणाच्या पोराचं? तुझ्या? मग तू खाऊ नकोस," बौ म्हणाली. "केळी आणलीस ती ने परत. माझ्या उत्पलला केळी आवडत नाहीत."

तिने पितळेच्या ताटात भात वाढला, आंबट रस्सा वाढला, माशाचं डोकं वर ठेवलं, आणि पाट मांडला. "उत्पलचे देउता, जेवायला बसा."

कुंपणापाशी जीप थांबली होती. ठाकुरीया उतरून लोहितदाच्या कानाशी आला. मी जवळच होते, मला ऐकू आलं. "सुतक धरलंस तर काम बंद. संध्याकाळी नलबारीला खेळ आहे. मी कोणाला उभं करू? विचार कर."

लोहितदा एकदा पुरोहिताकडे बघत होता, एकदा त्या ताटाकडे. मग तो पाटावर बसला. साऱ्या गावासमोर त्याने तो मासा खाल्ला. डोकंसुद्धा चोखून खाल्लं. बौ शेजारी बसून पंख्याने वारा घालत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. उत्पल गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. तिला वाटलं, रात्रीचं सगळं याने पुसून टाकलं. गाव उठून गेलं. शर्मा थुंकून गेले.

जीपमध्ये मी त्याला विचारलं, "बौसाठी जेवलास ना?"

तो बाहेरच्या शेतांकडे बघत म्हणाला, "दोन्ही झालं. ती खूश झाली, आणि आता कामही करता येईल."

मला वाटलं होतं निदान त्या संध्याकाळी तो रंजन म्हणेल. ठाकुरीयाने गाडीतच सांगून टाकलं होतं, काल आलं तसंच नाव येऊ दे, गाव पेटलं बघितलंस ना. आठवड्यात नवी पोस्टरं लागली, त्यांवर उत्पलचं नाव मोठ्या अक्षरांत. नलबारी, बरपेटा, मंगलदै, तेजपूर. प्रत्येक गावात लोहितदाने उत्पलला त्याच्या नावाने, गोत्राने जाळलं. मी शेजारच्या स्टेजवर ताटावर दगड ठेवत होते. पोट मलाही आहे. पण माझा मुलगा घरी झोपलेला असायचा, हा फरक आहे, आणि तो मला रोज जाणवायचा.

एकदा त्याला म्हटलं, "आता पुरे. प्रबीणला सांगून शाळेत काहीतरी बघ. शिपाई हो."

"शिपायाचं कोण ऐकतं?" तो म्हणाला. थट्टेने म्हणाला असावा.

चैत्र संपला, थिएटर बंद झालं. बिहूच्या दिवशी त्याने मला बरोबर चल म्हटलं. एकटं जायचा धीर नव्हता. बौसाठी त्याने तेजपूरहून बांगड्या घेतल्या होत्या. बेतबारीत ढोल वाजत होते, पोरं घराघरांतून नाचत होती. लोहितदाच्या घरापुढे मात्र नाचणारी टोळी थांबली नाही, सरळ पुढे गेली. मी तेव्हाच चमकले.

ओसरीवर बौ आली. अंगावर पांढरी मेखला, पांढरी चादर, काठ नाही. हात रिकामे. भांगात कुंकू नव्हतं.

लोहितदाच्या हातातून पिशवी खाली पडली. "हिरण, उत्पलची काही बातमी..."

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "ये बाइदेउ. बस. उत्पल बरा आहे. यायचाय अजून." आत झाकलेलं ताट दिसत होतं, दगड दिसत होता, आणि ताटाशेजारी घडी केलेला नवा गामोसा. एकच. मागावर दुसरा चढवलेलाच नव्हता.

"हे काय करून बसलीस बौ?" मी म्हटलं.

"त्याचे देउता गेले," ती म्हणाली. "माशाचं जेवून गाडीत बसले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले होते. मग नलबारीहून माझा भाचा आला, त्याने सांगितलं संध्याकाळी काय झालं ते. मी वाट बघितली. मंगलदैहून कोणी आलं, तेजपूरहून कोणी आलं. मग नदीवर जाऊन दर्भ कापून आणले. शर्मा येईनात. म्हणाले, जिवंत माणसाचं करता येत नाही. मी म्हटलं, अग्नीला कुठे कळतं? मीच केलं. पुतळा केला, गोत्र घेतलं, त्यांचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा घेतलं." मग म्हणाली, "तोंडात बसत नव्हतं, बाइदेउ. तीनदा म्हणावं लागलं."

"हिरण, मी आहे," लोहितदा म्हणाला. हाच तो आवाज, ज्याच्यापायी लोक चटया टाकून थांबले होते. आता तो घोगरा येत होता. "बघ ना इकडे. मी आहे."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळी बोटा होती, पायांचं तबक, त्यावर कापलेलं तामूल आणि पान. परका माणूस दारात आला की ठेवतात तशी तिने ती त्याच्यापुढे ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि डोक्यावरचा पदर खाली ओढून घेतला.

"घ्या," ती म्हणाली. "लांबून आलात."

तो उभाच राहिला. मग वाकून त्याने एक तामूल उचललं आणि तोंडात घातलं, कारण पुढे केलेलं तामूल आमच्याकडे नाकारत नाहीत. बांगड्यांची पिशवी जमिनीवर होती, ती त्याने उचलली. पायऱ्या उतरून तो फाटकापाशी थांबला, वळला, तोंड उघडलं. पण पाहुण्याने निघताना काय बोलायचं ते त्याला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.